रंग ओला आहे

रंगारी मंडळींचा एक अलिखित नियम आहे. भिंत असेल तरच चौकट. नुसत्या चौकटी रंगवायच्या आहेत म्हटलं की फोनवरचा उत्साही आवाज एकदम आजारी पडतो. "फुल घर आहे ना साहेब?" नाही, फक्त चौकटी. लोखंडी आहेत, गंजल्यात. "हां... मग असं करू, दिवाळीनंतर बघू." कुठल्या दिवाळीनंतर, ते तो सांगत नाही. दुसरा एकजण निदान येऊन तरी गेला. त्यानं चौकटीवर टिचकी मारली, कान देऊन आवाज ऐकला, चहा घेतला आणि छतासकट अख्ख्या घराचा आकडा सांगितला. तिसऱ्याचं म्हणणं, "कशाला जुनं खरवडत बसता? काढून टाका, ग्रॅनाइटच्या बसवा." म्हणजे नखं वाढली म्हणून बोट बदला.

आमची इमारत ठाण्यातली, खाडीचं वारं खाणारी. ऐंशीच्या दशकात ती बांधली तेव्हा लाकूड महाग होतं आणि वाळवीचं भय होतं, म्हणून पत्रा वाकवून केलेल्या लोखंडी चौकटी बसवल्या. "याला जन्मात वाळवी लागायची नाही," असं बिल्डरनं वडिलांना छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि तो शब्दाला जागला. वाळवीनं इतक्या वर्षांत आमच्या चौकटींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गंजानं पाहिलं.

लोखंडी चौकटीचं खरं दुखणं सणाला कळतं. तिला खिळा ठोकता येत नाही. दसऱ्याचं तोरण लावायचं तर पूर्वी डाव्या-उजव्या बिजागरीला सुतळी बांधून मधे ते लोंबतं सोडायचो. आलेल्या पाहुण्याच्या कपाळाला आधी झेंडू लागायचा आणि मग कुंकू. पुढे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आली. ती तोरणाला चिकटते, बोटाला चिकटते, चौकटीला चिकटत नाही. आता आम्ही फ्रिजवरचे लोहचुंबक वापरतो. त्यामुळे सणाच्या दिवशी तोरणाच्या एका टोकाला महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि दुसऱ्या टोकाला पिझ्झाचा फोन नंबर असतो.

पण तोरणाचं निभावून नेता येतं. बाथरूमच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग निभावण्यापलीकडे गेला होता. वरून रंग अगदी शाबूत, पण फुगलेला. अंगठ्यानं दाबला की आतून कुरकुर असा आवाज येई आणि पापुद्रा फुटून तपकिरी भुगा फरशीवर सांडे. आई रोज सकाळी तो भुगा झाडून घेई आणि कुणाला उद्देशून न बोलता म्हणे, "घर झिजतंय."

"दिवाळीला दादा-वहिनी यायचेत," बायको म्हणाली.

"मी रंगवतो," मी म्हणालो.

"तुम्ही?"

या एका शब्दात पंचवीस वर्षांचा संसार होता. पण माझी पिढी रंगाच्या डब्यावर गट्टूला बघत वाढलेली. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली एशियन पेंट्ससाठी तो पोरगा काढला. विस्कटलेले केस, हातात ठिबकणारा ब्रश आणि चेहऱ्यावर कसलीही काळजी नाही. रंगकाम म्हणजे शब्दशः पोरखेळ, हे त्यानं आम्हा सगळ्यांच्या मनावर लहानपणीच बिंबवलं. मोठेपणी त्याचे परिणाम भोगावे लागतात.

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. शेठनं गल्ल्यावरूनच विचारलं, "कशाला पायजे? लोखंडाला? मग आधी पॉलिश पेपर घ्या, लांबी घ्या, पट्टी घ्या, रेड ऑक्साइड घ्या, टर्पेंटाइन घ्या, ब्रश घ्या, मग रंगाचं बोला." मी फक्त रंग आणायला गेलो होतो. पॉलिश पेपरला नंबर असतात आणि जितका नंबर मोठा तितका कागद मऊ, हे मला तिथे कळलं. मी भारीतला म्हणून सगळ्यात मोठ्या नंबरचा मागितला. शेठ म्हणाला, "त्यानं गंज निघत नाही साहेब, गंजाला झळाळी येते. ऐंशी नंबर घ्या."

इथे दादांचा प्रवेश होतो. दादा म्हणजे बायकोचे थोरले बंधू. सांगलीकडे साखर कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता निवृत्त आहेत. मळीची टाकी आतून-बाहेरून रंगवल्याचा त्यांना अनुभव, त्यामुळे आमच्या चौकटी त्यांच्या दृष्टीनं किरकोळ. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून ते सांगलीहून ठाण्यातल्या शेळ्या हाकू लागले. "कॅमेरा खाली घ्या जावईबापू. आणखी खाली. हां, तो कोपरा दाखवा. अरेरे." हे 'अरेरे' ते इतक्या मनापासून म्हणत, की फोन धरलेला माझा हात आपोआप खाली येई.

खरवडायला बसलो आणि पहिल्याच दिवशी मुलगा आडवा आला. "बाबा, कोरडं घासू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असतं. रंगात 90 पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झालाय. आपल्या चौकटी त्याच्या कितीतरी आधीच्या." ज्या मुलानं स्वतःची खोली 2017 पासून झाडलेली नाही, त्याला हा महिना तोंडपाठ. पण मुद्दा बरोबर होता. कपाटातून करोनाच्या काळातले मास्क बाहेर निघाले आणि मी पाणी मारून ओलं घासायला लागलो. छान घासलं. पत्रा आरशासारखा चमकला. दमून झोपलो. सकाळी उठून पाहतो तर चमकलेल्या सगळ्या जागेवर नाजूक, ताजा, नारिंगी गंज. ओलं लोखंड रात्रभर खाडीच्या हवेत उघडं ठेवलं की दुसरं काय होणार?

"लगेच पुसून, कोरडं करून प्राइमर मारायचा असतो," दादा फोनवर म्हणाले. "हे काल सांगायला हवं होतं का?"

खरवडताना एक मात्र मजा आली. रंगाखाली रंग निघत गेले. वरचा चॉकलेटी माझ्या लग्नातला. त्याच्याखाली पोपटी होता, तो वडिलांना कुठूनतरी स्वस्तात मिळालेला. त्याखाली फिरोझी. आई येऊन त्या फिरोझी तुकड्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, जुने दिवस आठवले असतील. म्हणाली, "तेव्हाही मी मळखाऊ रंग लावा म्हणत होते." बाहेरच्या चौकटीवर 'शुभ' होतं, 'लाभ' कधीच गळून पडलेला. कुठल्याशा निवडणुकीचा अर्धा उमेदवार होता. घराघरांतून मोजदाद करून जाणाऱ्यांनी मार्करनं लिहिलेला एक नंबर होता. तो खोडायचा की ठेवायचा यावर घरात चर्चा झाली. "सरकारी आहे, राहू दे," असं आईचं मत पडलं. त्यामुळे आजही आमच्या नव्या चौकटीत एका ठिकाणी काडेपेटीएवढी जुनी चौकट आहे.

मग रेड ऑक्साइड. पाठ्यपुस्तकातून आठवेल, गंज म्हणजे लोहाचा ऑक्साइड. आणि रेड ऑक्साइड प्राइमरला तो विटकरी रंग येतो तोही लोहाच्या ऑक्साइडनंच. मी हे ज्ञान जेवताना मांडलं. बायकोनं पोळी वाढता वाढता हात थांबवला. "म्हणजे आठवडाभर घासून घरातला गंज काढलात, आणि आता पैसे देऊन दुकानातला गंज आणून लावणार?" मला उत्तर सुचेना. दादांना सुचलं. "ताई, तो जिवंत गंज, हा मेलेला गंज. मेलेला पुढे पसरत नाही." बायकोचं समाधान झालं. हेच मी सांगितलं असतं तर झालं नसतं.

प्राइमर मारला आणि शेजारपाजार जमला. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "अय्या, टेराकोटा! किती वेगळं वाटतंय." मी म्हटलं, हा रंग नाही, रंगाच्या खालचा आहे. त्या म्हणाल्या, "असू दे हो, छानच आहे, कशाला उगीच वाईट वाटून घेता?"

वरचा रंग कोणता, यावर घरात तीन पक्ष पडले. बायकोला मोतिया, आईला मळखाऊ, मुलाला काळा. शेठनं शेड कार्ड उघडलं. ऑइल पेंटच्या जुन्या छटांची नावं मोठी कर्तव्यदक्ष असतात. पी. ओ. रेड म्हणजे टपालपेटीचा लाल, बस ग्रीन म्हणजे बसचा हिरवा. चौकट रंगवायची की खातं चालवायचं कळत नाही. शेवटी स्मोक ग्रे घेतला, कारण तो कुणालाच आवडला नव्हता आणि त्यामुळे कुणी जिंकलंय असं वाटणार नव्हतं. आईनं झाकण उघडताच निकाल दिला, "ऑफिसातल्या कपाटाचा रंग आहे हा."

डब्याचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरनं उघडतं. बंद मात्र कशानंच होत नाही. परिणामी रोज सकाळी डब्यातल्या रंगावर जाड साय धरलेली असे. ती काठीनं गुंडाळून काढताना बायको स्वयंपाकघरातून डोकावून म्हणे, "विरजण लावू का?" ब्रश धुवायला पूर्वी रेशनचं रॉकेल असायचं. आता टर्पेंटाइन. ते ओतायला मी हाताला लागली ती वाटी घेतली आणि ती नेमकी नैवेद्याची निघाली. या प्रसंगावर मी अधिक काही लिहू नये असं घरात ठरलं आहे.

"कधी संपणार हे?" बायकोनं विचारलं.

"आयफेल टॉवर माहितीये? 1889 साली उभा राहिला. अजून साधारण दर सात वर्षांनी रंगवतात. 60 टन रंग लागतो. आणि आजही माणसं हातात ब्रश घेऊनच रंगवतात."

"तिथनं कुणाला बाथरूमला जायचं नसतं."

इथेच या कामाची मेख आहे. भिंत रंगवली की माणसं भिंतीपासून लांब राहतात. कपाट रंगवलं तर गॅलरीत ठेवता येतं. चौकट मात्र येण्याजाण्याच्या वाटेतच असते, तिला सोडून कुणालाच कुठे जाता येत नाही. आणि तिच्यातून जाणारा प्रत्येक माणूस तिला हात लावतो. चप्पल काढताना लावतो, वळताना लावतो, "बरं, निघतो मग" म्हणून अर्धा तास बोलत उभा राहतो तेव्हा तर अख्खा खांदाच टेकवतो.

बाहेरच्या चौकटीला पहिला हात मारला आणि वहीच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून लावलं: रंग ओला आहे. या पाटीचा एवढाच उपयोग झाला, की ज्यांच्या लक्षातही आलं नसतं त्यांनीही बोट लावून पाहिलं. दूधवाल्यानं लावलं. पार्सलवाल्यानं लावलं. सिलिंडर घेऊन आलेल्यानं खांद्यावरचं ओझं खाली ठेवून, हात पुसून, मग लावलं. तळमजल्यावरच्या आजोबांनी चष्मा चढवून पाटी पूर्ण वाचली, बोट लावलं, बोटाकडे पाहिलं आणि मला समजावून सांगितलं, "ओला आहे हो अजून." आपल्याकडे देव आहे यावर लोक न पाहता विश्वास ठेवतात, रंग ओला आहे यावर नाही. संध्याकाळपर्यंत चौकटीवर छातीएवढ्या उंचीला बोटांच्या ठशांची रांग उठली होती. कोण कोण येऊन गेलं याची नोंदवही गेटवरच्या वॉचमनकडेही इतकी चोख नसते.

मुलगा म्हणाला, "बाबा, पाटीचा मजकूरच चुकीचा आहे. लोक पाटीला घाबरले पाहिजेत." त्यानं कवटी आणि दोन हाडं असलेली, लाल अक्षरांतली 'धोका! 440 व्होल्ट' अशी पाटी छापून आणली. चौकटीला नवा हात मारला, पाटी लावली आणि काय सांगू, दोन तास एकही बोट उठलं नाही. जिन्यातून जाणारी माणसं भिंतीला चिकटून जात होती. मी आत पहिल्यांदाच पाठ टेकली.

तेवढ्यात बेल. दारात सोसायटीचे सेक्रेटरी, हातात टेस्टर. मागे आणखी दोन सभासद, रबरी चपला घालून.

"तुमच्या चौकटीत करंट उतरलाय म्हणे?"

"नाही हो, रंग ओला आहे."

"रंग कुठलाही असो, लोखंडात करंट उतरतो. जुनं वायरिंग आहे आपलं. रिस्क नको." आणि मी हो-नाही करायच्या आत त्यांनी टेस्टरचं टोक चौकटीत खुपसलं. दिवा लागला नाही. मग त्यांनी थोडं वर खुपसलं. मग पलीकडच्या बाजूला. मग रंगाच्या आत जायला हवं म्हणून जरा खरवडून बघितलं. बिजागरीपाशी, कडीपाशी, खाली उंबऱ्यापाशी, सगळीकडे कसून तपासणी झाली. करंट कुठेही सापडला नाही. "सेफ आहे," असा शेरा देऊन ते गेले आणि जाताना, आता सेफच आहे म्हटल्यावर, बरोबरच्या दोन्ही सभासदांनी चौकटीला हात लावून पाहिला.

त्या रात्री पुन्हा एक हात द्यावा लागला, आणि ऑइल पेंट वाळायला रात्र जाते. म्हणजे बाहेरचं दार रात्रभर उघडं. घरातल्या कुणाचीही झोपमोड नको म्हणून मी खुर्ची टाकून दारात बसलो. जिन्यातला दिवा चालू. दिव्याला किडे येतात, आणि किड्यांना ओला रंग दिसत नाही. मध्यरात्रीपर्यंत स्मोक ग्रेवर बारीक पंखांची नक्षी उमटली होती. शेवटच्या लोकलनं परतणारे वरच्या मजल्यावरचे गृहस्थ मला बघून थबकले. हळू आवाजात म्हणाले, "वहिनींना समजावायला मी बोलू का सकाळी?"

तरीही सांगतो, बाहेरची चौकट झाली. मधल्या खोल्यांच्या झाल्या. राहिली बाथरूमची. तिचा मुहूर्त पुढे ढकलत ढकलत थेट धनत्रयोदशीला आला. दादा-वहिनी दुपारीच आले होते. दादांनी बॅगही खाली न ठेवता सगळ्या चौकटींवरून हात फिरवला आणि म्हणाले, "प्रयत्न चांगला आहे." रात्री सगळ्यांचं उरकल्यावर मी बाथरूमच्या चौकटीला शेवटचा हात मारला आणि घरभर बजावलं: उद्या अंघोळीला दार लावायचं नाही, नुसतं लोटायचं.

"कडेला टाल्कम पावडर मारून ठेवा. मग चिकटत नाही," दादा म्हणाले.

मळीच्या टाकीला दार नसतं असं मी मनात म्हटलं आणि झोपायला गेलो.

नरकचतुर्दशी. पहाटेचा अंधार. घरात तेलाचा आणि उटण्याचा वास. पहिली अंघोळ पाहुण्यांची म्हणून दादा आत गेले आणि मी लोटायचं म्हणून सांगितलेलं दार त्यांनी खाडकन लावून घेतलं. गीझरच्या गरम पाण्याची वाफ, कोवळा रंग, आणि कारखान्यातलं मनगट. आत बराच वेळ पाण्याचा आवाज झाला, मग थांबला. मग दार आतून हलल्यासारखं झालं. मग पुन्हा. मग शांतता.

"जावईबापू," आतून आवाज आला, "पावडर मारली नव्हती ना?"

बाहेर आम्ही सगळे रांगेत. अंगभर तेल, त्यावर उटणं, खांद्यावर पंचे. मुलगा मोबाईलवर उपाय शोधत होता आणि स्क्रीनवर तेलाचे डाग पाडत होता. आई खिडकीकडे बघत घायकुतीला आली होती. "उजाडायला लागलंय. सूर्य उगवायच्या आत अंघोळ झाली नाही तर नरकात जातात. त्याचं बरंय, त्याची झाली. आपलं काय?"

"पट्टी घ्या," आतून दादा. "पातळ पट्टी. कडीच्या बाजूनं नाही, वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करा. दाबू नका, सरकवा. कॅमेरा... नाही, असू दे, मला इथनं समजतंय."

मी स्टुलावर चढून लांबी भरायची पट्टी फटीत सरकवली. खाली वहिनी दार ओढत होत्या, मुलगा वहिनींना धरून होता. कुठेतरी चर्र असा आवाज झाला आणि दार एकदम सुटलं. वहिनी मुलावर आदळल्या, मुलगा उटण्याच्या वाटीवर. वाफेतून दादा बाहेर आले. पंचा गुंडाळलेला, चेहरा शांत. दाराच्या कडेला चौकटीचा लांबच्या लांब पट्टा चिकटून आला होता, राखाडी, त्याखाली विटकरी, आणि चौकटीवर त्या जागी नुसता पत्रा लखलखत होता. दादांनी वाकून पाहिलं. बोट लावलं. पट्ट्याचा एक तुकडा सोलून दिव्यासमोर धरला.

"प्राइमरच धरलेला नाही," ते म्हणाले. "हे सगळं परत घासावं लागणार."

बायकोनं माझ्या हातातली पट्टी काढून घेतली आणि अत्यंत गोड आवाजात विचारलं, "दादा, तू भाऊबीजेपर्यंत आहेस ना?"